विक्रीचे पांच दिवस व नागझिऱ्याची एक सकाळ

वार्षिकाच्या संपादकांनीं माजी विद्यार्थ्यांस आपापल्या धंद्यांतील एखादा अनुभव लिहून पाठविण्याची आज्ञा केली आहे. आमच्या धंद्यांत बालवाचकांस मौज वाटेल असें नाहीं. त्यांत ना समुद्रप्रवास, ना साहस. गोंदियास एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही एक लहानशी सॉफ्टवेअर कंपनी चालवितों. आम्ही धरून तीन माणसें, चार संगणक व एक पंखा, एवढाच तिचा संसार. तथापि गेल्या दिवाळींत आमच्या हातून एक चूक घडली, व तिचें मर्म आम्हांस नागझिऱ्याच्या जंगलांत उमगलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोंदिया-भंडारा हा धानाचा मुलूख. सरकारी खरेदीचें धान गिरण्यांकडे भरडाईस येतें, तेव्हां १०० किलो धानामागें ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो. शिवाय गिरणीवाले शेतकऱ्यांकडून स्वतःही धान विकत घेतात. वजन, बारदाना, भाव, पावती, जमाखर्च, असा हा हिशेबाचा डोंगर असतो. तो उपसणारी संगणकाची आज्ञावली तयार करून विकणें हें आमचें काम.

दिवाळीच्या तोंडावर हलकें धान निघतें, व सणाच्या खर्चासाठीं शेतकरी तें लगोलग विकतो. गिरणीवाल्यांची नव्या हंगामाची तयारीही त्याच सुमारास चालू असते. हें जाणून वसुबारसेपर्यंतचे पांच दिवस आम्हीं किंमतींत शेंकडा ३० सवलत जाहीर केली. आणि सवलतीबरोबर कांहीं नवें द्यावें म्हणून आज्ञावलीची नवी आवृत्ति आदल्या रात्रीं घाईघाईनें पुरी करून जुन्या ग्राहकांसही पाठवून दिली.

पहिल्या दिवशीं सकाळीं नऊ वाजतां, ह्या आवृत्तीची एकदां नीट तपासणी करावी अशा उद्देशानें आम्ही संगणकापुढें बसलों. तोंच फोन वाजला. एका गृहस्थांस शेंकडा ३० पुरेसे नव्हते. ५० हवे होते. तो फोन ठेवतों न ठेवतों तों दुसरा. ह्या गृहस्थांस आमची वस्तु मुळींच नको होती. त्यांचें छपाईचें यंत्र बिघडलें होतें, व 'तुम्ही संगणकवाले, तेव्हां तुम्हांस कळेलच' अशी त्यांची खात्री होती. मग कुरिअरवाला आला. मग वीज गेली. वीज आली तों शेजारचे काका चिरंजीवांचा परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरून घेण्यास माडीवर आले. त्यांस नाहीं कसें म्हणावें? मग व्हॉट्सॲपवर आप्तेष्टांच्या दीपावलीच्या शुभेच्छा, आणि उत्तर न दिल्यास होणारे रुसवे.

परंतु खरें सांगावयाचें तर सर्वांत मोठा उपद्रव बाहेरचा नव्हताच. एक प्रत विकली गेली कीं बँकेचा संदेश येई व फोन किणकिणे. तो आवाज कानीं पडला कीं हातांतलें काम टाकून 'आज किती झाल्या' हें आम्ही पाहत असूं. आणि तो बराच वेळ झाला नाहीं तर कां झाला नाहीं म्हणून पाहत असूं. तपासणी राहिली ती राहिलीच. तिसऱ्या दिवशीं वैतागून आम्हीं नव्या विक्रीचा फोन तेवढा चालू ठेविला व बाकीच्यांचीं तोंडें बंद केलीं. 'जुने ग्राहक आपलेच आहेत. त्यांचें दिवाळीनंतर पाहतां येईल,' असा पोक्त विचार आम्हीं त्या वेळीं केला!

विक्री चांगली झाली. दुसऱ्या दिवशीं, धनत्रयोदशीच्या पहाटेस, श्रमपरिहारार्थ आम्ही तिघेही नागझिऱ्यास निघालों व चोरखमाऱ्याच्या फाटकानें आंत शिरलों. हें अभयारण्य १९७० सालीं झालें. त्याचा विस्तार सुमारें १५३ चौरस किलोमीटर आहे, आणि डिसेंबर २०१३ मध्यें नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश झाला. व्यंकटेश माडगूळकरांचें 'नागझिरा' हें पुस्तक वाचकांपैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल. साग, ऐन, बीजा, मोह यांच्यामधून आमची जिप्सी हळूहळू चालली होती. फोन बंद करून पिशवींत टाकले होते. सुखाचा निःश्वास टाकून आम्ही म्हणालों, "केवढी ही शांतता!"

आमचा वाटाड्या जवळच्याच खेड्यांतला, पन्नाशीचा गृहस्थ होता. तो हंसून म्हणाला, "शांतता कुठं आहे, साहेब? नीट ऐका."

आम्हीं कान दिले, आणि खरोखरच तें सारें रान बोलत होतें. सातभाईंचा कलकलाट, टकाचोराची शीळ, पोपटांची किलबिल, वाळल्या पानांची सळसळ. आमच्या माडीवर पांच दिवसांत झाला नसेल इतका गलबला तेथें चालला होता. एकाएकीं उजवीकडून चितळाचा तीक्ष्ण आवाज आला. आम्ही ताडकन् उठून उभे राहिलों. वाटाड्या बसूनच होता. "चितळाचा जीव भित्रा. तें कशालाही ओरडतं," तो म्हणाला. थोड्या वेळानें झाडाच्या शेंड्यावरून एक वानर खोकल्यासारखें खेंकसलें, तेव्हां त्यानें गाडी थांबवावयास सांगितलें. "त्याला वरून दिसतं." आणि मग खालच्या नाल्याकडून सांबराची घणघणीत हांक आली, तेव्हां मात्र तो स्वतः उठून उभा राहिला. "सांबर उगाच बोलत नाहीं."

आम्ही श्वास रोखून उभे होतों. कांहीं वेळानें सर्व हांका थांबल्या. "गेला वाटतं वाघ," आम्ही म्हणालों.

"हांक थांबली म्हणून वाघ गेला असं कुठं आहे? गवतांत बसला असेल. बसला कीं ह्यांना दिसत नाहीं, एवढंच."

मग त्यानें 'जय' नांवाच्या वाघाची गोष्ट काढली. हा प्रसिद्ध वाघ ह्याच रानांतला. २०१३ सालीं तो येथून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलांत गेला. त्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून त्याच्या गळ्यांत संदेश देणारा पट्टा बांधला होता; पण २०१६ च्या एप्रिलानंतर ना संदेश, ना वाघ. वाटाड्या म्हणाला, "आवाज येतो तोवर बरं असतं, साहेब."

वाघ कांहीं आम्हांस दिसला नाहीं. जंगलाबाहेर आल्यावर आम्हीं फोन चालू केले, तों तुंबलेले संदेश धडाधड येऊं लागले. त्यांत एका जुन्या गिरणीवाल्यांच्या हांका होत्या: तिसऱ्या दिवशीं तीन वेळां फोन, चौथ्या दिवशीं एक ओळ, 'पावतीवर वजन कमी येतें, पाहावें.' त्यानंतर कांहीं नाहीं. एरव्हीं 'त्यांचें काम भागलें असेल' असें म्हणून आम्ही पुढें गेलों असतों. त्या दिवशीं मात्र छातींत धस्स झालें, व आम्हीं गाडी थेट गिरणीकडे वळविली.

गिरणींत आमचा संगणक झांकून ठेवलेला होता आणि मुनीम हातानें पावत्या लिहीत होते. झालें होतें तें असें: रिकाम्या पोत्याचें वजन कांट्यावरच वजा होत असे, आमच्या नव्या आवृत्तीनें तेंच पुन्हां एकदां वजा केलें होतें. पोत्यामागें ५८० ग्रॅम. दोन दिवसांत १९ शेतकऱ्यांचे ४१२ कट्टे मोजले गेले. म्हणजे सुमारें २३९ किलो धान पावत्यांवरून नाहींसें झालें. ही चूक प्रथम कोणी ओळखली? बारा कट्टे घेऊन आलेल्या एका बाईनें. तिनें घरीं प्रत्येक कट्टा मोजून ठेविला होता, व तिला जवळजवळ सात किलो कमी दिसले. ती मुनिमांशीं भांडली; मुनीम म्हणाले, यंत्र खोटें बोलत नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं पुन्हां आली, तेव्हां मुनिमांनीं मालकांस सांगितलें व मालकांनीं आम्हांस हांक मारली. आणि आम्ही 'आज किती झाल्या' हें मोजीत बसलों होतों!

रात्रीं उशिरापर्यंत बसून आम्हीं चूक दुरुस्त केली व १९ पावत्या पुन्हां काढल्या. बहुतेकांचे पैसे मालकांनीं फोनवरूनच चुकते केले. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल आम्हीं कांहीं रक्कम पुढें केली, ती त्यांनीं मागें सारली. "पैशांचें राहूं द्या. फोन उचलीत जा," एवढेंच ते म्हणाले. ज्यांना फोनवरून पैसे पाठवितां येत नव्हते अशा चौघांच्या घरीं लक्ष्मीपूजनापूर्वीं आम्ही स्वतः गेलों. त्यांत ती बाईही होती. तिनें पैसे मोजून पदरास बांधले आणि विचारलें, "बाकीच्यांचे दिले का, भाऊ?" दिले, असें आम्हांस सांगतां आलें, हेंच आमचें भाग्य.

त्या दिवसापासून आम्हीं थोडी व्यवस्था बदलली आहे. जुन्या ग्राहकांच्या फोनास वेगळा आवाज दिला आहे, व तो कधींही बंद करीत नाहीं. बाकीचे संदेश दिवसांतून तीन ठराविक वेळां पाहतों. विक्रीचा आंकडा सायंकाळीं एकदांच. आणि ज्यानें हांक मारून पुढें मौन धरलें असेल, त्यास आम्ही होऊन फोन करितों.

विद्यार्थी मित्रहो, अभ्यासास बसतांना दार लावून घेण्याचा उपदेश तुम्हांस पुष्कळांनीं केला असेल, व तो चांगलाच आहे. परंतु सगळेच आवाज सारखे नसतात. मित्राच्या शिट्टीस चितळाची हांक समजून खुशाल बसून राहा. पण घरांतून आईनें दोनदां हांक मारली आणि तिसऱ्यांदा मारली नाहीं, तर पुस्तक खालीं ठेवून उठा. पालकांस आम्ही काय सांगावें? मुलांच्या अशाच थांबलेल्या हांका त्यांनींही ऐकाव्या, इतकेंच.

असो. त्या पांच दिवसांत एकंदर किती प्रती विकल्या गेल्या, तें आतां आम्हांस वही पाहिल्याशिवाय सांगतां येणार नाहीं. २३९ हा आंकडा मात्र पाठ आहे.