कारंज्याचा पंप

कारंजे पाहणाऱ्याचे लक्ष उसळणाऱ्या पाण्याकडे जाते. ते पाणी वर ढकलणारा पंप हौदाच्या तळाशी असतो आणि तो बंद पडेपर्यंत कुणालाही त्याची आठवण होत नाही. चेन्नईत आमच्या वसाहतीच्या बागेत असे एक लहानसे कारंजे आहे. हौदात कमळे आहेत, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आहेत. त्याची निगा राखणाऱ्या माळीबुवांना आम्ही ‘अण्णा’ म्हणतो. तमिळमध्येही या शब्दाचा अर्थ थोरला भाऊ असाच आहे. पंपाची देखभाल मी त्यांच्याकडूनच शिकलो.

मी मूळचा मराठवाड्याचा. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की मी लहानपणी पाहिली होती. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून उताराने तेथे आणलेले आहे. त्याला मोटार लागत नाही. चेन्नईची जमीन मात्र समुद्रकाठची, सपाट. येथे पाणी उंच उडवायचे तर विजेचा पंप हवाच.

हा पंप पाण्यात बुडूनच चालतो. भोवतीचे पाणीच त्याची मोटार थंड ठेवते. उन्हाळ्यात हौदाची पातळी उतरली आणि पंप उघडा पडला, तर तो थोड्याच वेळात तापून जळतो. म्हणून अण्णा रोज सकाळी प्रथम पातळी पाहतात. पंप तळावर न ठेवता विटेवर ठेवतात, म्हणजे गाळ आत ओढला जात नाही. आठवड्यातून एकदा जाळी धुतात. बोअरच्या जड पाण्याने आतील पंख्यावर पांढरा थर चढतो. तो लिंबाच्या रसाने सुटतो. वीज बंद करून, प्लग काढल्याशिवाय ते पाण्यात हात घालत नाहीत आणि पंप कधीही वायरीला धरून उचलत नाहीत. समुद्रावरचा वारा वाढला की धार लहान करतात, नाहीतर निम्मे पाणी हौदाबाहेर जाते.

2019 चा उन्हाळा कठीण होता. पूंडी, चोलावरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेटहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2016 साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी मला आठवली. आमच्या वसाहतीत टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या. अशा वेळी कारंजे उडवणे शोभत नाही, असे सभेत ठरले. कारंजे तेच पाणी पुनःपुन्हा फिरवते हे खरे. पण ऊन आणि वारा रोज त्यातला वाटा नेतात. निर्णय योग्यच होता.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला, “माशांचे काय?”

साचलेले पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. अण्णांनी हौदातले उरलेले पाणी सावलीतल्या सिमेंटच्या टाकीत भरले. मासे आणि कमळाचे कंद त्यात ठेवले. पंपाची तोटी काढून त्यांनी तो टाकीत असा बसवला, की पाणी उडणार नाही, पृष्ठभाग फक्त हलत राहील. बाष्पाने गेलेले पाणी भरून काढण्यासाठी शेजारच्या काही घरांतून तांदूळ धुतलेले नव्हे, तर पिण्याच्या भांड्यांत उरलेले स्वच्छ पाणी येऊ लागले. कुणी तांब्याभर देई, कुणी पेलाभर.

ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस आला. गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय तमिळनाडूत 2003 पासून सक्तीची आहे. आमच्याकडचे तुंबलेले खड्डे त्या वर्षी सर्वांनी मिळून उपसले होते. विहिरीची पातळी वाढल्यावरच हौद भरला गेला.

पंप पाणी निर्माण करीत नाही. असलेले पाणी तो फक्त हलते ठेवतो. त्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत तेवढ्यानेच मासे जगले.