सामायिकाची ४८ मिनिटे

चंद्रपूरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरातील सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंनी चातुर्मासात उपाश्रयात जाणे हळूहळू सोडले. प्रथम गुडघ्यांचे कारण निघाले, मग पावसाचे, मग 'घरीच बरे वाटते' असे. भद्रावतीच्या पार्श्वनाथाचे दर्शनही राहिले. जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता. पण 'गाडी मध्ये कुठे थांबेल का?' हे त्या दोनदोनदा विचारीत आणि आदल्या रात्री बेत रद्द करीत. आईंचा धर्मावरचा जीव कमी झाला की काय, अशी शंका मुलाला येऊ लागली.

खरे कारण सुनेच्या ध्यानात आले ते पहाटे चारला. न्हाणीघरात सासूबाई अंधारातच लुगडे धूत होत्या. ते वाळत घातले जाई ते गच्चीवर नव्हे, तर मागच्या खोलीत कपाटाआड. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जात असतानाही त्या दिवसभरात दोनच पेले पाणी का पितात, याचाही उलगडा त्या क्षणी झाला.

"आई, किती दिवसांपासून होतंय हे?"

"तीन वर्षं झाली असतील. सामायिकाला बसले आणि मध्येच आसन भिजलं तर? चारचौघीत तोंड कसं दाखवायचं? कोणाला सांगणार होते मी?"

या तीन वर्षांत डॉक्टर अनेकदा घरी येऊन गेले होते. रक्तदाब पाहिला गेला, साखर तपासली गेली, गुडघ्याचे चित्र काढले गेले. लघवीवर ताबा राहतो का, हे मात्र कुणी विचारले नव्हते.

न विचारण्याची किंमत काय असते, हे याच वनप्रदेशातून साऱ्या जगाला कळले, ही गोष्ट चंद्रपूरकरांनाही फारशी आठवत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. सरासरीने प्रत्येकीला साडेतीनहून अधिक. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. हा शोधनिबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभ्यास जननमार्गाच्या रोगांचा होता, लघवीच्या ताब्याचा नव्हे. परंतु ज्या मौनामुळे ते रोग दडून राहिले, त्याच मौनात हेही दुखणे राहते. पुढे रुग्णालय बांधतानाही बंग दांपत्याने आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींची आणि पांढऱ्या कपड्यांतील माणसांची भीती वाटते, असे उत्तर आले, म्हणून शोधग्राममधील रुग्णालय खेड्यातील घरांसारखे उभारले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

चंद्रपूरच्या घरी सुनेने स्त्रीरोगतज्ज्ञ गाठली. तिने पहिल्या भेटीत औषध न देता एक कोरी वही आणायला सांगितली. तीन दिवस किती वाजता किती पाणी प्यायले, किती वेळा लघवी झाली, केव्हा सुटली, हे सर्व मांडायचे. व्यापाऱ्याच्या घरात जमाखर्च लिहिणे नवे नव्हते. त्यातून दिसले की खोकताना थोडी गळती होते, परंतु मुख्य त्रास आहे तो अचानक येणाऱ्या घाईचा. आणि पाणी तोडल्याने फायदा होण्याऐवजी नुकसानच होत होते. लघवी दाट झाली की मूत्राशय अधिकच चिडते, बद्धकोष्ठता वाढते आणि जंतुसंसर्गालाही वाट मिळते. दिवसा पुरेसे पाणी आणि झोपेआधी दोन-तीन तास ते आवरते घेणे, असा सल्ला मिळाला. चौविहार पाळणाऱ्या सासूबाईंना यातला दुसरा भाग शिकवावा लागला नाही. पहिल्यासाठी मात्र सुनेला तांब्या घेऊन मागे फिरावे लागले. जोडीला ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम होता. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. त्याचा गुण यायला तीनेक महिने लागतात.

पण ते तीन महिने काढायचे कसे? येथे पॅडची आणि डायपरची गरज पडते. औषधाच्या दुकानात ती वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते, आणि बहुतेक घरी मिळेल ती आणली जाते. वस्तुतः तिच्यावर विद्यापीठांतून गंभीर संशोधन झालेले आहे. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातील मॅंडी फेडर आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ॲलन कॉटेंडन यांनी निरनिराळ्या बनावटीच्या वस्तू खुद्द रुग्णांना आळीपाळीने वापरायला देऊन तुलना केली. सर्वांना सर्वांत चांगली अशी एकही वस्तू निघाली नाही. स्त्रियांची पसंती वेगळी, पुरुषांची वेगळी; दिवसाची गरज एक, रात्रीची दुसरी; घरात एक चालते, बाहेर जाताना दुसरीच लागते. धुऊन पुन्हा वापरायच्या कापडी वस्तूही काहींना रात्रीसाठी पसंत पडल्या. एकाच प्रकारची थप्पी घरात आणून ठेवण्यापेक्षा दोन-तीन प्रकार मिळून वापरणे सोयीचे आणि किफायतशीर ठरते. कोणत्याही जाहिरातीत ही गोष्ट छापलेली नसते.

पॅडच्या पोटातील पांढरी भुकटी हीही संशोधनाचीच देणगी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून पाणी शोषून धरणारा असा पदार्थ प्रथम सिद्ध झाला. पुढे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट आले. ही भुकटी शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडोपट शोषते. लघवीत क्षार असल्याने तेथे ती क्षमता बरीच खाली येते. म्हणून 'रात्रभर चालते' या वचनावर विसंबू नये. ओलसर राहिलेली त्वचा चंद्रपूरच्या उन्हाळ्यात लवकर सोलपटते.

खर्चाचाही विचार आहेच. दिवसाला तीन धरले तरी महिन्याला ९० नग होतात. सॅनिटरी नॅपकिनवरील जीएसटी जुलै २०१८ मध्ये पूर्ण उठला. वैद्यकीय डायपरवरील दर १२ टक्क्यांवरून ५ वर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. तरुण स्त्रियांनी आवाज उठवला, म्हाताऱ्यांच्या वतीने कुणी बोलले नाही, असे म्हणावेसे वाटते.

सासूबाईंच्या बाबतीत अखेर घरात कापडी, बाहेर जाताना पातळ पॅड, असा मेळ बसला. घरातल्या कापडी घड्या गच्चीवर कडक उन्हात वाळू लागल्या.

हे सारे स्वयंपाकघरातून ऐकणारी एक बाई होती. भामरागडकडची. एके दिवशी तिने भाजी निवडता निवडता विचारले, "बाई, माझ्या मायचंही तसंच आहे. पाच लेकरं झाली, आता अंग बाहेर येते. तिला काय करू?" पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेथे डायपरचे खोके कोण नेणार, आणि वापरलेले टाकायचे कुठे? कचऱ्याची गाडी शहरात येते, जंगलात नाही. कापड वापरावे तर आठवडाभर ऊन दिसत नाही.

तज्ज्ञ बाईंना विचारले गेले. अंग बाहेर येत असेल तर तपासणी आधी, असे त्यांनी सांगितले. आत बसवायच्या रबरी कडीने, म्हणजे पेसरीने, पुष्कळ जणींचे भागते. तपासणीसाठी आईला दिवाळीनंतर आणायचे ठरले. तोवर काय, हा प्रश्न उरला.

सासूबाईंनी मागच्या खोलीतील कपाट उघडले. मऊ पडलेली सुती लुगडी काढून त्यांनी सुनेला शिवणयंत्रावर बसवले. बारा घड्या झाल्या. "चुलीच्या वर दोरी बांधून वाळत घाल म्हणावं, धूर लागला तरी चालेल," त्यांनी बजावले, "आणि मायला सांग, पाणी तोडू नको."

त्या संध्याकाळी सामायिकाला त्या उपाश्रयात गेल्या. दाराजवळची जागा धरून बसल्या, आणि ३० व्या मिनिटाला उठून बाहेर जाऊन आल्या. परतल्यावर शेजारच्या समवयस्क बाईने हळूच विचारले, "तुम्हालाही होतं का हो असं?"