मागं बसलेला तानपुरा

हेडफोनवर गाणं ऐकायचा नीट संच जमवून द्या म्हणून लोक येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: प्लेअर कुठला घेऊ? मी उलट विचारतो, ऐकणार काय? उत्तर ख्याल असं आलं की माझं काम सोपं होतं, कारण मग पारखायला एकच वाद्य पुरतं, तानपुरा. गायक कशावरही ऐकू येतो, फोनच्या किरट्या स्पीकरवरसुद्धा. तबलाही येतो. तानपुरा मात्र ध्वनिमुद्रणात सगळ्यांच्या मागं आणि सगळ्यांत हळू असतो. प्लेअरपासून कानापर्यंतच्या वाटेत कुठंही काही बिनसलं की पहिला बळी त्याचाच.

तानपुऱ्याची घोडी वरून रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उताराला घसटत थरथरते. ती घसट नेमकी कुठं व्हावी हे तारेखालचा सुताचा दोरा मागंपुढं सरकवून ठरवायचं. मिरजेच्या कारागिरांचं कसब ज्या जवारीत दिसतं ती हीच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं होतं, की तार छेडण्याच्या जागेचा नेहमीचा नियम लावला तर जे स्वरांश उमटायलाच नकोत, तेही अशा घोडीवर ठसठशीत उमटतात. म्हणजे खर्ज कितीही भरीव वाटला तरी तानपुऱ्याची खरी ओळख वरच्या, बारीक, सतत सरकत राहणाऱ्या झंकारात असते. नेमकं हेच बारीकसारीक खरखरीखाली दबतं, फाइल लहान करताना कापलं जातं, रस्त्याच्या गोंगाटात बुडतं.

माझा स्वतःचा संच अजून जुन्या आयपॉडभोवती उभा आहे. २००१ साली आयपॉड आला तेव्हा त्यात ५ जीबीची डिस्क होती. पुढं क्लासिक १६० जीबीपर्यंत गेला आणि २०२२ मध्ये ॲपलनं आयपॉडचं सगळं घराणंच बंद केलं. आता हौशी मंडळी त्यातली फिरती डिस्क काढून मेमरी कार्ड बसवतात, बॅटरी बदलतात आणि यंत्र आणखी काही वर्षं ढकलतात. आतल्या कुठल्या चिपचा आवाज जास्त गोड यावर रात्र रात्र वाद चालतात. मला त्यात रस उरलेला नाही. डिजिटल आकड्यांचा आवाज करणं हे काम आता इतकं सुटलेलं आहे, की फोनला लावायचा बोटाएवढा डोंगलसुद्धा ते चोख करतो. तरी मी प्लेअर सांगतो, त्याचं कारण अगदी घरगुती आहे: बडा ख्याल ऐन रंगात असताना प्लेअरवर बँकेचा फोन येत नाही.

प्लेअर घेताना मी वेगळीच परीक्षा लावतो. सीडीवर बहुधा विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं. दोन्हींच्या मधे टाळ्या नाहीत, थांबणं नाही, तानपुरा वाजतोच आहे. आणि प्लेअर तिथंच क्षणभर गप्प होतो. गाण्यातली शांतता निराळी आणि ही निराळी; इथं पायाखालची फरशीच काढून घेतल्यासारखं होतं. एमपीथ्री ठरावीक मापाच्या तुकड्यांत बांधली जाते, त्यामुळं सुरुवातीला आणि शेवटी थोडी मोकळी जागा भरली जाते; प्लेअरनं ती ओळखून गाळली नाही तर खाच ऐकू येते. आयपॉडलाही हे २००६ मध्ये जमलं. म्हणून दुकानात जाताना असे लागोपाठचे दोन ट्रॅक बरोबर न्यावेत. दुकानदार चमकदार सिनेगीत लावून देईल, ते ऐकून काही कळत नाही.

फाइलींचा हिशेब सरळ आहे. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट घेतो, म्हणजे तासाला साधारण ६३५ एमबी. फ्लॅक किंवा ॲपल लॉसलेस केलं की काहीही न गमावता हे निम्म्याच्या आसपास येतं, आणि १६० जीबीत पाचशेएक तासांचं गाणं मावतं. एवढं मावत असताना कापाकापी करायची कशाला? १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत गायकाला फारसा धक्का लागत नाही, पण तानपुऱ्याचा झंकार पाण्यातून आल्यासारखा हलू लागतो. ३२० किलोबिटला मात्र मला स्वतःला फरक सांगता येत नाही, आणि येतो म्हणणाऱ्यांना मी डोळे झाकून, दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर आणून ओळखायला बसवतो. पातळीचं हे पथ्य फार महत्त्वाचं. दोन वस्तूंपैकी जी जराशी मोठ्यानं वाजते तीच कानाला चांगली वाटते. कितीतरी महागड्या वायरी याच भांडवलावर खपल्या आहेत.

पैसे घालायचे ते हेडफोनमध्ये. घरात, शांत खोलीत ऐकणार असाल तर पाठीमागून उघडा हेडफोन घ्यावा. त्यात आवाज पेटीत कोंडल्यासारखा होत नाही आणि तानपुरा गायकाच्या मागं पसरलेला राहतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा, अजूनही घेण्याजोगा. एवढं बजेट नसेल तर कॉसचा पोर्टा प्रो, १९८४ पासून जवळपास त्याच रूपात विकला जाणारा. दिसायला खेळणं, ऐकायला मुळीच नाही.

एचडी ६०० आणला की पहिली तक्रार येते: आवाजच नाही हो याला! त्याचा अवरोध ३०० ओहम. एक व्होल्टवर तो जेमतेम ३.३ मिलिवॅट घेतो. तोच व्होल्ट ३२ ओहमच्या हेडफोनला दिला तर ३१ मिलिवॅट पोचतात. छोट्या प्लेअरकडून मिळतो सुमारे एकच व्होल्ट. आजची गाणी मुळातच ठासून मोठ्या आवाजात भरलेली असतात, त्यामुळं तिथं निभावतं. आकाशवाणीवरची एखादी जुनी मैफल लावली की कळ शेवटापर्यंत फिरवूनही आलापी कुजबुजतच राहते. कानात घालायच्या बारक्या इयरफोनचं दुखणं याच्या नेमकं उलटं. त्यातल्या काहींचा अवरोध स्वराच्या उंचीप्रमाणं वरखाली होतो आणि प्लेअरचा स्वतःचा अंतर्गत अवरोध जास्त असला तर आवाजाचा तोलच बदलतो: कुठं खर्ज फुगतो, कुठं वरचा झंकार मंदावतो. प्लेअरचा अवरोध हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, हा जाणत्यांचा ठोकताळा. ३२ ओहमला ४ ओहम. एवढं पाळलं तरी पुष्कळ.

व्होल्ट वाढवायचे तर मधे अँप्लिफायर हवा, आणि इथं माझा हात आपोआप सोल्डरिंग आयर्नकडे जातो. चू मॉय या अमेरिकी हौशी माणसानं मांडलेला आराखडा जगभर सीमॉय म्हणून ओळखला जातो: एक दुहेरी ऑपअँप, नऊ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. सगळं पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मावतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत सामान मिळतं. फक्त ऑपअँप खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावा, कारण वरचं नाव खरवडून दुसरं छापलेले नग बाजारात फिरतात. डबीच्या तळाला आतून जाड इन्सुलेशन टेप लावायची, नाहीतर बोर्डाचे टोचे पत्र्याला टेकले की खेळ खलास. ऑपअँप थेट बोर्डावर न डकवता आयसी बेस लावून त्यात बसवायचा, म्हणजे बदलता येतो. आयपॉडच्या हेडफोन पिनेतून आवाज घ्यायचा नाही. खालच्या रुंद कनेक्टरमधून लाइन आउट मिळतं, प्लेअरच्या आवाजाच्या कळीला वळसा घालून. म्हणजे आवाज दोनदा वाढवायची, आणि त्याबरोबर खरखर दोनदा वाढवायची, भानगड राहत नाही.

खरी गंमत गेनमध्ये आहे. मूळ आराखड्यात आवाज अकरा पट होतो. हौशी माणूस आनंदानं तो तसाच ठेवतो, आणि मग कळ जेमतेम आठ वाजल्याच्या जागी असतानाच कान फुटायची वेळ येते. स्वस्त दुहेरी पोटेन्शिओमीटरचे दोन भाग अगदी खालच्या टोकाला एकमेकांशी जुळत नाहीत. एका कानात जास्त, एका कानात कमी. गायक नाकासमोरून डाव्या भुवईवर सरकतो आणि तानपुरा पुरता एका कानात जाऊन बसतो. मी दोन रेझिस्टर बदलून गेन तीनवर आणतो. कळ मग अकरा-बाराच्या मधे राहते, दोन्ही बाजू जुळतात, ऑपअँपची खरखरही खाली जाते. माझ्याकडे आणलेल्या ‘बिघडलेल्या’ सीमॉयपैकी बहुतेकांचा रोग एवढाच असतो. ताकद कमी केली की बरे होतात.

बाहेर ऐकण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं तडजोडच आहे. लोकलमध्ये किंवा पीएमपीच्या बसमध्ये उघडा हेडफोन म्हणजे पैसे पाण्यात. कानात घट्ट बसणारे फोमचे इयरफोन घ्यावेत आणि आवाज वाढवण्याऐवजी गोंगाट बाहेर ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा घातली आहे. सीलबंद इयरफोनवर ती पाळता येते, सैल इयरफोनवर लोकलमध्ये अवघड. प्रवासात मी नाट्यपदं ऐकतो. ख्याल घरी.

मग उरतं ते ध्वनिमुद्रण, आणि त्याला कुठलाही संच उतारा नाही. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. अशी जुनी एकमार्गी मुद्रणं हेडफोनवर डोक्याच्या बरोबर मधोमध बसतात. पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं, मग सवय होते. त्रास होतो तो ‘स्वच्छ’ केलेल्या आवृत्त्यांचा. खरखर काढणारी प्रोग्रॅम एकसारखा चालू राहणारा आवाज हुडकतात आणि वजा करतात. तानपुराही एकसारखाच चालू असतो. खरखरीबरोबर तोही खरवडला जातो आणि गायक शवागारासारख्या थंड, कोऱ्या जागेत एकटा गात राहतो. एकाच मैफलीच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर मी खरखरवाली घेतो. त्या खरखरीच्या आतून थोड्या वेळानं तारा ऐकू येऊ लागतात, आणि कान खरखर आपणहून बाजूला ठेवतो. प्रोग्रॅमला हे जमत नाही.

सगळं नीट जमलं की भलतंसलतंही ऐकू येतं, हे मी आता आधीच सांगून ठेवतो. मंचावरच्या पंख्याची घरघर, मंडपामागचा जनरेटर, आणि गाता गाता उतरलेला पंचम कुणीतरी खुंटी पिळून चढवत नेतं तेसुद्धा. एका मित्राला असाच संच करून दिला. त्याच्याकडे एका खासगी बैठकीचं ध्वनिमुद्रण आहे, नव्वदच्या दशकातलं, जिवापाड जपलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: ‘‘अरे, त्या बैठकीत तानपुरा नव्हताच! इलेक्ट्रॉनिक पेटी होती. ठरावीक वेळानं तेच, तेच, पुन्हा तेच. इतकी वर्षं मला कळलं नव्हतं, तू काय करून ठेवलंस!’’ मी म्हटलं, चांगल्या संचाचं हे लक्षण आहे. त्याला ते पटलं नाही. हेडफोन आवडलाय, रोज ऐकतो, पण त्याचे जुने पांढरे इयरफोन अजून टेबलाच्या खणात आहेत. ती एक बैठक तो त्यांच्यावरच ऐकतो.