लॅक्स्टनची शिवारफेरी

इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गिरण्या आणि धुरांडी उभी राहतात. आज मात्र नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या लॅक्स्टन या खेड्यात चला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतकऱ्यांची विटांची घरे आणि कोठारे. उत्तरेला जुन्या गढीचा मातीचा उंचवटा. घर गावात आणि रान बाहेर, हे तुम्हाला ओळखीचेच वाटेल. इंग्लंडात मात्र ते आता दुर्मिळ झाले आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कायदे करून तिथली मोकळी शिवारे कुंपणांत घातली गेली आणि पुष्कळ गरिबांची सामाईक चराई गेली. लॅक्स्टन त्यातून वाचले.

आता शिवारात उतरू. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी राने आहेत. प्रत्येक रानात अनेकांच्या लांबट पट्ट्या असतात, पण मध्ये कुंपण नाही. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसऱ्याला विसावा. पुढच्या वर्षी पाळी बदलते. १६३५ साली मार्क पिअर्सने काढलेल्या नकाशात या पट्ट्या दिसतात. आज त्या संख्येने कमी आणि रुंदीने जास्त आहेत.

कुंपण नाही, मग शेजाऱ्याने नांगर पुढे सरकवला तर? त्यासाठीच नोव्हेंबरअखेर गावातले पंच गव्हाच्या रानात फेरी काढतात. कुणी वाटेवर किंवा सामाईक गवताच्या पट्टीवर नांगर घातला का, हे पाहून हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. पुढे गावच्या खानावळीत ‘कोर्ट लीट’ भरते. चुकलेल्याला दंड होतो आणि पुढच्या वर्षाचे पंच नेमले जातात. १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनचे राखले.

हे शेतकरी कुळे आहेत. जमीन १९५२ साली सरकारी शेती खात्याकडे, १९८१ साली क्राउन इस्टेटकडे आणि २०२० साली पुन्हा जुन्या थोर्सबी इस्टेटकडे गेली. मालक बदलले, फेरी चालू राहिली.

दंडाची रक्कम किरकोळ असते. पण चार शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाते, ते माणसाला जड जाते. तासाभराची आगळीक त्याच हिवाळ्यात निस्तरली, की ती नातवंडांच्या दाव्यापर्यंत पोचत नाही.