पळसपापडी

सुरतेच्या लिंबायतमधल्या गच्चीवर अझेलिया फुलवायचा हट्ट कुणी धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती आणि तिचा थोराड भाऊबंद ऱ्होडोडेंड्रॉन, दोघंही थंड डोंगरांचे. हिमालयात ऱ्होडोडेंड्रॉन आहे, मग थेट निलगिरी-पळणीच्या माथ्यांवर. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत त्याला थाराच नाही. बी धुळीसारखं बारीक. ओल्या शेवाळावर नुसतं भुरभुरवायचं, वर माती लोटायची नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. मुळं नाजूक, वरवर पसरणारी, आणि त्यांना आम्लधर्मी माती हवी. इथली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड. मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात. मग मे महिना येतो. पुढचं सांगायला नको.

रानातलं बी रुजवायची हौसच असेल तर भुसावळची गाडी धरावी. होळीला आम्ही खानदेशी गावी निघतो तीच. व्यारा सुटलं की सोनगड, नवापूरपर्यंत खिडकीबाहेर पळस. पान नाही, नुसता केशरी भडका. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. डबा तिथेच उघडावा.

पण बी तेव्हा मिळत नाही. फुलं पाहून हुरळलेल्या माणसाने वैशाखात परत जायला हवं. शेंगा तेव्हा वाळलेल्या असतात, चपट्या, मऊ लवेच्या; आणि अख्ख्या शेंगेत बी एकच, तेही पार टोकाला. उरलेली शेंग वाऱ्यावर उडण्यापुरती. ही पळसपापडी आजी जंतांवर कुटून द्यायची. चव अजून आठवते, नको तितकी. बी ताजं असतानाच पावसाच्या तोंडावर पेरावं. रोप येतं, दोन-तीन पानं काढतं आणि पुढे वाळून जातं. बहुतेक जण इथेच कुंडी उपडी करतात. मूळ मात्र खाली जिवंत असतं, जाड होत असतं. पावसात पुन्हा फुटवा येतो, पुन्हा वाळतो. असं काही वर्षं चालतं. म्हणजे गच्ची पळसालाही मानवत नाहीच. त्याला जमीन हवी. काळी, चिकट, पाणी धरणारी चालेल, पण खोल.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीमागे तेवढा तुकडा आहे. सेक्रेटरीकाकांनी विचारलं, "फूल कधी येणार?"

"तुमचा नातू कॉलेजात जाईल तेव्हा बघू."

नातू अजून बालवाडीत आहे. काकांनी तिथे स्कूटर लावणं तूर्त बंद केलंय.