मनमाडहून शोधग्रामला

मनमाड म्हणजे गाडी बदलायचे स्टेशन, एवढेच तुम्हां बहुतेकींना माहीत असेल. आम्हां गावच्या बायकांना मात्र इथला रस्ताही पाठ आहे. दिवाळी सरली की ऊसतोडीला निघालेले ट्रक दिसतात. त्यांत भिल्ल कुटुंबेही असतात. बोचकी, कोंबड्या आणि एखादीला सातवा महिना. हिचे बाळंतपण कुठे होणार, बाळाकडे कोण पाहणार, हे मनात येतेच.

या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीत सापडले आहे असे ऐकले आणि यजमानांबरोबर निघाले. रात्रीच्या गाडीने नागपूर, पुढे चारेक तास बस. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला, झाडीत शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे हे ठिकाण. दवाखाना म्हणजे चक्क झोपड्यांची वस्ती! रोग्याबरोबर घरचेही राहतात. मोठ्या इस्पितळाची गोंडांना भीती वाटे. पांढऱ्या कपड्यात आपण मेलेल्याला गुंडाळतो, डॉक्टर-नर्सही तेच घालतात, असे ते म्हणत. म्हणून त्यांना विचारूनच हा बांधला, नावही दंतेश्वरी देवीचे दिले.

मला सर्वांत आवडली ती मण्यांची पाटी. अंक न येणाऱ्या सुईणीसाठी ती केलेली. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा सहावा, मोठ्याचा पाचवा मणी लाल. मिनिटाच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा! किती साधे, नाही का?

गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, त्याला ऊबेत ठेवायला शिकवत, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शनही देत. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत हे केले, तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट' साप्ताहिकात १९९९ साली ते छापून आले. २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरीच बाळंतपण झाले तर पहिल्या दिवशीही.

पण बाई, ट्रकमधल्या तिचे काय? वहीत नाव तिच्या गावचे आणि बाळ उसाच्या फडात! तुमच्याजवळच्या वीटभट्टीवर किंवा पालांवर अशी कुणी असेल, तर तिला माता-बाल कार्ड आहे का विचारा. असेल तर गाव सोडताना ते बोचक्यात घ्यायला आणि पोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत दाखवायला सांगा. नसेल, तर आपल्या भागातल्या आशाताईला तिचे पाल दाखवून द्या.