वर दिसते ते आत असावे

मोबाईलवर ॲप उतरवून घेणारा माणूस आधी चित्र पाहतो. वर्णन फार थोडे लोक वाचतात. छोटे चिन्ह, वरची पट्टी आणि आतल्या पडद्यांची दोन-चार छायाचित्रे एवढ्यावर तो ठरवतो की हे आपल्यासाठी आहे की नाही. म्हणून जाहिरातीच्या चित्रांचा हा विषय मला शिक्षक म्हणून महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलांसाठी केलेली वस्तू पालकांना आपली वाटेल की परकी, हे त्या चित्रावर ठरते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी लहानसे ॲप केले. उर्दू शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि एक वाक्य. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती आधीपासूनच शिकवली जाते. पण आमच्या नंदुरबारकडे मूल घरी उर्दू बोलते, बाजारात अहिराणी ऐकते आणि पुस्तकातली प्रमाण मराठी त्याला तिसरीच भाषा वाटते. ॲपची गरज होती. त्याने कोडिंग केले आणि चित्रांचे काम माझ्याकडे दिले, "टीचर, तुमचे अक्षर चांगले आहे" म्हणून.

प्ले स्टोअरची मागणी ठरलेली असते. चिन्ह ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वरची पट्टी १०२४ बाय ५००, आणि पडद्यांची किमान दोन छायाचित्रे. पूर्वी यासाठी फोटोशॉप जाणणारा माणूस शोधावा लागे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅनव्हा आले आणि नंतर त्या धर्तीची बरीच साधने आली. तयार साचा निवडायचा, रंग बदलायचा, शब्द टाकायचे. मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' हा मोफत फाँट आहे, तो लहान पडद्यावरही स्वच्छ दिसतो. मराठीचे काम अर्ध्या तासात झाले.

उर्दूला आठवडा लागला.

मी तीन-चार साधने पाहिली. एकात 'किताब' लिहिले तर काफ, ते, अलिफ, बे ही अक्षरे सुटी सुटी उभी राहिली, तीही डावीकडून. उजवीकडून वाचायला गेले तर आधी 'बे' लागायचे. दुसऱ्यात अक्षरे जुळली, पण ती अरबी नस्ख वळणाची. वाचता येतात, पण आमच्या मुलांना पुस्तकात दिसते ते नस्तालीक. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, जागेनुसार अक्षराचा आकार बदलतो, आणि त्याला उंची जास्त लागते. त्यामुळे पट्टीत शब्दाचे डोके किंवा पाय कापला जातो.

ही अडचण आजची नाही. उर्दू वर्तमानपत्रे कित्येक दशके कातिबांनी हाताने लिहिली, कारण हे वळण खिळ्यांच्या छपाईत नीट बसत नव्हते. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून संगणकासाठी नूरी नस्तालीक तयार झाले, तेव्हा चित्र बदलू लागले. चेन्नईचे 'द मुसलमान' १९२७ पासूनचे, तरी त्याची ओळख हस्तलिखित दैनिक अशीच राहिली. गुगलने आता नोटो नस्तालीक उर्दू मोफत दिला आहे. मी कातिबांचीच रीत वापरली. शब्द जिथे बरोबर उमटतो तिथे मोठा करून लिहिला, त्याचे चित्र घेतले, आणि ते साच्यावर चिकटवले. काम लांबते, पण शब्द शाबूत राहतो. ज्या मुलाला आपण अक्षर शिकवणार, त्याला पहिल्याच पडद्यावर मोडके अक्षर दाखवून कसे चालेल?

पुढचा प्रश्न चेहऱ्यांचा. चित्रांच्या साठ्यात 'मुस्लिम मुले' शोधले की घुमट, चंद्रकोर, उंट आणि पांढरेशुभ्र लांब अंगरखे येतात. 'आदिवासी' शोधले की पिसे आणि ढोल. माझ्या वर्गातली मुलगी निळ्या गणवेशात, डोक्यावर ओढणी, पाठीवर शिवलेले दप्तर घेऊन येते. तिचा शेजार भिल्ल आणि पावरा कुटुंबांचा आहे. ती त्या साठ्यात कुठेच सापडत नाही. तो साठा भरणाऱ्याने तिला पाहिलेलेच नाही, आणि आपण तिचे चित्र टाकले नाही तर पुढेही कोणी पाहणार नाही.

मुलांचे फोटो मात्र वापरले नाहीत. जाहिरातीत चेहरा टाकायचा तर पालकांची परवानगी हवी, आणि परवानगी असली तरी ते चित्र पुढे कुठे कुठे फिरेल याचा भरवसा नाही. त्याऐवजी मुलांना 'आपला वर्ग' काढायला सांगितले. त्यांच्या चित्रांतली तीन पट्टीवर आली. मागच्या बाजूला नंदुरबारच्या मिरची पथारीचा मोबाईलवर घेतलेला फोटो आहे. हंगामात वाळत घातलेली ती लाल मिरची इथल्या कोणत्याही अम्मीला ओळखायला सांगावी लागत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत जड. या साधनांत वाट्टेल ते सुंदर दाखवता येते. ॲपमध्ये नसलेला पडदा काढता येतो, पाच तारे लावता येतात. चिन्हात किंवा नावात 'क्रमांक एक' असे लिहायला प्ले स्टोअरची मनाई आहे, पण बाकीची लबाडी नियमाच्या फटीतून निघून जाते. आपल्याकडे यासाठी फार जुना दाखला आहे. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले दाणे ओले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले दाणे वर का ठेवले नाहीत, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले.

आमच्या ॲपमध्ये चारशे शब्द आहेत. म्हणून चित्रावर चारशेच लिहिले. 'इंटरनेटशिवाय चालते' हे ठळक केले, कारण धडगावच्या डोंगरात पालक आधी तेच विचारतात, आणि ते खरे आहे. आवाजाची सोय अजून झालेली नाही. म्हणून छायाचित्रांतल्या शेवटच्या चौकटीत मराठी आणि उर्दू दोन्हींत लिहिले आहे : यात उच्चार ऐकू येत नाहीत, शब्द घरच्यांनी मोठ्याने वाचून दाखवावेत.